मायकेल कार्ड्यूची भांडी: नव्या संग्राहकाने सुरुवात कुठून करावी

इंग्लंडमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एखाद्या टेबलावर मधाच्या रंगाचा, थोडा बोजड वाटणारा मातीचा जग दिसतो. उलटा केला की बुडाशी दोन अक्षरांचा ठसा. विक्रेता सांगतो, "मायकेल कार्ड्यूच्या पॉटरीतला आहे." तो खोटं बोलत नसतो. पण कार्ड्यूच्या पॉटरीतला आणि कार्ड्यूच्या हातचा, या दोन गोष्टींच्या किमतीत दहापट फरक असू शकतो. नवखा माणूस फसतो तो नेमका इथे.

तिकडे राहणाऱ्या किंवा येऊन-जाऊन असणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांना मातीच्या भांड्यांची ओढ आहे, पण ठसे, लिलाव, झिलया (भाजल्यावर भांड्यावर बसणारा काचेसारखा थर) यांचा गोंधळ वाटतो, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. स्टुडिओ पॉटरी म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगता येतं: कारखान्यात एक जण आकार ठरवतो, दुसरा साचे भरतो, तिसरा रंगवतो, स्टुडिओ पॉटर यातलं बहुतेक सगळं स्वतः करतो, भट्टी लावण्यासकट. इंग्लंडमध्ये या चळवळीचं मोठं नाव बर्नार्ड लीच. 1920 मध्ये त्याने शोजी हमादा या जपानी कुंभाराबरोबर कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्ज इथे पॉटरी सुरू केली. कार्ड्यू त्याच्या पहिल्या शिष्यांपैकी एक.

मग लीच सोडून कार्ड्यूच का? कारण कार्ड्यूने आयुष्याचा मोठा भाग स्वयंपाकघरातली भांडी बनवण्यात घालवला आणि ती स्वस्त ठेवण्याचा हट्ट धरला. त्यामुळे त्याच्या पॉटरीतली भांडी पुष्कळ बनली, पुष्कळ विकली गेली आणि आजही साध्या पगारदाराच्या आवाक्यात सापडतात.

पायरी पहिली: चार ठिकाणं पाठ करा

ठसे पाठ करायच्या आधी ठिकाणं पाठ करा. कार्ड्यू जिथे गेला तिथली माती, तिथलं जळण आणि तिथली झिलई त्याने वापरली. त्यामुळे भांडं कुठलं हे कळलं की काळ आपोआप कळतो.

कार्ड्यूचा जन्म 1901 चा, लंडनजवळच्या विम्बल्डनमधला. वडील सरकारी नोकर, पण त्यांना उत्तर डेव्हनमधल्या फ्रेमिंग्टनच्या गावठी भांड्यांचा नाद होता. एडविन बीअर फिशली हा तिथला जुन्या वळणाचा कुंभार. त्याचे जग आणि बरण्या कार्ड्यूंच्या घरात रोजच्या वापरात होत्या. मुलगा मोठा होऊन ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकायला गेला, पण सुट्टीत ब्रॉन्टनला जाऊन फिशलीच्या नातवाकडे, विल्यम फिशली हॉलंडकडे, चाकावर बसायला शिकला. अभ्यासाचं व्हायचं ते झालं, तिसऱ्या वर्गात पदवी मिळाली. 1923 मध्ये तो लीचकडे सेंट आइव्ह्जला दाखल झाला आणि तीन वर्षं तिथे राहिला. लीचची ओढ पूर्वेकडे, जपान-कोरियाकडे. कार्ड्यूचं मन इंग्लंडच्या खेड्यातल्या लाल मातीत अडकलेलं.

पहिलं ठिकाण विंचकम, ग्लॉस्टरशायर. 1926 मध्ये त्याने विंचकमजवळच्या ग्रीट गावातली एक बंद पडलेली पॉटरी भाड्याने घेतली. तिथे पूर्वी कुंड्या आणि शेतीकामाची भांडी बनत. त्या जुन्या पॉटरीतला एलायजा कम्फर्ट हा मुख्य चाककरी शेतमजुरी करत होता, त्याला कार्ड्यूने परत चाकावर आणलं. 1927 मध्ये सिडनी टस्टिन नावाचा पोरगा कामाला आला, पुढे त्याचा भाऊ चार्ली आला आणि 1936 मध्ये रे फिंच. विंचकमची माती लाल, भट्टी बाटलीच्या आकाराची, भाजणं कमी तापमानाचं. वरची झिलई गॅलेना, म्हणजे शिशाच्या खनिजाची. या झिलईखाली पांढऱ्या मातीचा पातळ लेप असेल तर तो पिवळा, मधासारखा दिसतो. लाल माती उघडी असेल तर तपकिरी. लोहयुक्त काळा लेप असेल तर जवळजवळ काळा. विंचकमच्या कामाचा सगळा रंगपट या तीन छटांत बसतो.

दुसरं ठिकाण वेनफर्ड ब्रिज, कॉर्नवॉल. 1939 मध्ये त्याने तिथली जुनी खानावळ घेऊन तिची पॉटरी केली. विंचकम रे फिंचच्या हाती सोपवलं; 1946 मध्ये फिंचने ते विकतच घेतलं. वेनफर्डला आधी लाल मातीचंच काम झालं, पण लगेच युद्ध लागलं आणि त्या दोन-तीन वर्षांतली भांडी कमीच दिसतात.

तिसरं ठिकाण पश्चिम आफ्रिका, आजचा घाना. 1942 मध्ये तो अचिमोटा कॉलेजात शिक्षक म्हणून गेला. अलाजो इथे मोठ्या प्रमाणावर भांडी आणि कौलं बनवण्याची सरकारी योजना त्याच्या गळ्यात पडली. ती 1945 मध्ये बंद पडली. परत यायचं सोडून हा गडी व्होल्टा नदीकाठच्या वूमे गावात स्वतःच्या हिमतीवर पॉटरी काढून बसला. माती साथ देईना, भट्ट्या बिघडत, माल फुटे, तब्येत ढासळली. 1948 मध्ये तो इंग्लंडला परतला. वूमेची भांडी थोडी आहेत, दिसायला काळपट, हिरवट, कासं-पितळ जुनं झाल्यावर येतो तशा झाकेची. कित्येक जाणकार तीच त्याची सर्वांत उत्तम भांडी मानतात. माझंही मत तसंच आहे. पण नवख्याने त्यांच्या मागे लागू नये. ती क्वचित विकायला येतात आणि आली की दमदार खिशाची माणसं तिथे आधीच बसलेली असतात.

चौथं ठिकाण अबुजा, नायजेरिया. इथे एक खुलासा लागतो: ही अबुजा म्हणजे आजची राजधानी नव्हे. जुन्या अबुजा गावाचं नाव आता सुलेजा आहे. नाव नव्या राजधानीला गेलं. 1951 पासून 1965 पर्यंत कार्ड्यू तिथे सरकारी प्रशिक्षण केंद्र चालवत होता. इथलं काम स्टोनवेअर, म्हणजे 1280 अंश सेल्सियसच्या आसपास भाजलेलं, घट्ट, पाणी न पिणारं. झिलया स्थानिक खडक आणि लाकडाची राख यांच्या: गर्द हिरवट, राखाडी-निळसर, काळ्या-तपकिरी.

1965 नंतर तो पुन्हा वेनफर्ड ब्रिजला आला आणि 1983 मध्ये मरेपर्यंत तिथेच स्टोनवेअर करत राहिला. मधल्या काळात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या वाऱ्या झाल्या.

एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

पायरी दुसरी: ठसा न बघता भांडं वाचा

बाजारात भांडं हातात आलं की सगळे ते ताबडतोब उलटं करतात. तुम्ही करू नका. आधी ते दोन्ही हातांनी धरा (जगाच्या कानाला धरून कधीच उचलू नये, जुना सांधा कधी निखळेल सांगता येत नाही) आणि प्रकाशाकडे तोंड करा.

विंचकमचा 1930 च्या दशकातला एखादा जग घ्या. पोट खाली थोडं झुकलेलं, गळा किंचित आवळलेला, चोच एका बोटाच्या दाबाने काढलेली. कान वरच्या टोकाला जाड, खाली येता येता निमुळता, आणि जिथे तो पोटाला चिकटतो तिथे अंगठ्याने दाबल्याची खूण. त्या खुणेत झिलई साचून गडद थेंब झालेला असतो. पोटावर पांढरा लेप ओतलेला असतो आणि तो ओला असतानाच बोट फिरवून एक नागमोडी ओळ काढलेली असते. त्या ओळीत खालची लाल माती उघडी पडून तपकिरी दिसते. ही ओळ नीट बघा. जिथे बोट टेकलं तिथे लेपाची छोटी कड उभी राहिलेली असते, जिथे उचललं तिथे शेपूट. चांगल्या हाताची ओळ एका दमात, न थबकता जाते. थबकलेली, गिरवलेली ओळ दिसली तर कुणी शिकाऊ हात किंवा नंतरची नक्कल असण्याची शंका घ्यावी. लेप ओला असतो तेवढ्या क्षणांतच हे काम करावं लागतं, तिथे खाडाखोड चालत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे पातळ मातीची धार सोडून काढलेली नक्षी: रेघा, ठिपके, फांद्या, कधी अक्षरंसुद्धा. कार्ड्यूला लिपीचा छंद होता, भांड्यावर लिहायला त्याला आवडे.

आता आत हात घाला. चाकावर बोटं वर चढताना उठलेल्या वळ्या हाताला लागतात. मग वजन पाहा. गावठी भांड्याचं बूड जडच असतं, पण काठापर्यंत सगळंच सारखं जड लागत असेल तर काम सामान्य आहे. कार्ड्यूच्या स्वतःच्या भांड्यात वजन खालून वर हलकं होत जातं. हे पुस्तकात वाचून कळत नाही, पाच-पन्नास भांडी हाताळल्यावर कळतं.

टिचकी मारून बघायची आपली सवय इथेही उपयोगी पडते, मात्र एक पथ्य पाळून. स्टोनवेअर खणखणीत वाजतं. लाल मातीचं विंचकम भांडं अखंड असलं तरी आवाज जरा दबकाच येतो; म्हणून त्याची तुलना त्याच जातीच्या भांड्याशी करा. फुटका, खरखरता आवाज आला तर मात्र चीर शोधायला लागा.

पायरी तिसरी: आता उलटं करा

ठसे मुख्यतः हे:

- इंग्रजी एम आणि सी जोडलेला ठसा: कार्ड्यू स्वतः.
- डब्ल्यू आणि पी: विंचकम पॉटरी.
- डब्ल्यू आणि बी: वेनफर्ड ब्रिज.
- अरबी लिपीत लिहिलेलं "अबुजा": अबुजाचं केंद्र.
- एस-टी सिडनी टस्टिनचा, सी-टी चार्ली टस्टिनचा, आर-एफ रे फिंचचा, एल-के अबुजाच्या केंद्रातल्या लाडी क्वालीचा.

यातली गोम अशी की जागेचा ठसा आणि माणसाचा ठसा या वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड्यूच्या हातच्या विंचकम भांड्यावर साधारणपणे दोन्ही असतात. नुसता डब्ल्यू-पी म्हणजे "पॉटरीत बनलं", बनवणारा कोणीही. आणि विंचकम पॉटरी तर कार्ड्यू गेल्यावरही चालूच राहिली, आजही चालू आहे. तेव्हा नुसता हा ठसा पाहून 1930 चं दशक गृहीत धरू नका. इथे पहिली पायरी कामाला येते: रे फिंचने 1950 च्या दशकात विंचकमचं काम हळूहळू स्टोनवेअरकडे वळवलं. म्हणून डब्ल्यू-पी ठसा आणि खाली राखाडी-करडी, दगडासारखी घट्ट माती दिसली की ते भांडं फिंचच्या काळातलं. कार्ड्यूचा त्याच्याशी संबंध नाही, विक्रेता काहीही म्हणो. फिंचचं काम उत्तम आहे, पण ते फिंचच्या भावाने घ्यावं.

अबुजाचंही तसंच. कार्ड्यू 1965 मध्ये निवृत्त झाल्यावर मायकेल ओब्रायनने केंद्र सांभाळलं, आणि कार्ड्यू असतानाही तिथे अनेक कुंभार काम करत होते. अरबी ठसा फक्त गाव सांगतो. वेनफर्ड ब्रिजला 1949 नंतर काही वर्षं आयव्हन मॅकमीकिन हा ऑस्ट्रेलियन भागीदार काम करत होता, आणि पुढे कार्ड्यूचा मुलगा सेथ तिथेच कुंभार झाला. त्यामुळे डब्ल्यू-बी दिसला की शेजारी दुसरा ठसा शोधायचा.

खऱ्या ठशाची एक शारीरिक खूण सांगतो. तो ओल्या मातीत दाबलेला असतो, म्हणून त्याच्या कडा मऊ असतात आणि भोवतीची माती किंचित सरकलेली असते. बऱ्याचदा झिलई आत उतरून अक्षरं अर्धवट बुजलेली असतात. अक्षरं कोरल्यासारखी धारदार दिसली, किंवा झिलईच्या वरून खरवडलेली दिसली, तर भांडं खाली ठेवून पुढच्या टेबलाकडे वळा.

नकली ठसा ही दंतकथा नाही. 1980 च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका तुरुंगात मातीकामाच्या वर्गातल्या कैद्यांनी बर्नार्ड लीचच्या नावाची भांडी बनवली आणि ती लंडनच्या नामवंत लिलावांत विकलीही गेली. तज्ज्ञांच्या डोळ्यांना जे चुकलं ते आपल्यालाही चुकू शकतं. मोठी किंमत मोजायची असेल तर भांडं आधी कुणाकडे होतं याचा कागद मागायला लाजू नका.

पायरी चौथी: सुरुवात टस्टिन बंधूंपासून करा

माझा सल्ला कुणाला आवडो न आवडो: पहिलं भांडं कार्ड्यूचं घेऊ नका. सिडनी किंवा चार्ली टस्टिनचा ठसा असलेला छोटा वाडगा, जग किंवा झाकणाची बरणी घ्या. ही भांडी पौंडांच्या दोन आकड्यांत मिळून जातात. कार्ड्यूच्या ठशाचं बरं भांडं शेकड्यांत जातं, मोठा थाळा किंवा सफरचंदाच्या दारूचा रांजण हजारांत.

टस्टिनच का? कारण माती तीच, झिलई तीच, भट्टी तीच, आणि आकार बहुतेक कार्ड्यूनेच बसवलेले. फरक फक्त हाताचा. घरात टस्टिनचा वाडगा रोज नजरेसमोर असला की कार्ड्यूचा वाडगा कुठे वेगळा पडतो ते कळू लागतं. शिवाय सिडनी टस्टिन म्हणजे काही दुय्यम माणूस नव्हे. शाळा सोडून आलेला तो मुलगा 1978 पर्यंत, आयुष्यभर त्याच पॉटरीत चाकावर बसला. कार्ड्यूसारखा ऑक्सफर्डचा पदवीधर खेड्यात राहून गावच्या लोकांसाठी भांडी करायला निघाला, पण गावच्या लोकांना एव्हाना एनॅमलची आणि कारखान्याची भांडी हवी होती. त्याची भांडी घेतली ती शहरातल्या सुशिक्षित मध्यमवर्गाने. त्या पॉटरीत खरोखर गावचे होते ते कम्फर्ट आणि टस्टिन.

अबुजाकडे वळायचं असेल तर लाडी क्वालीबद्दल माहीत हवं. ती क्वाली गावची, ग्वारी समाजातली. आधीपासून नावाजलेली कुंभारीण होती. तिचे घडे अबुजाच्या अमीराच्या वाड्यात कार्ड्यूला दिसले, आणि 1954 मध्ये ती केंद्रात आली. तोवर तिथे पुरुषच शिकत होते. ती चाक न वापरता, मातीच्या वळ्या चढवत, घड्याभोवती स्वतः फिरत मोठाले घडे उभे करायची आणि त्यावर सरडे, विंचू, साप कोरायची. कोरलेल्या रेघांत पांढरी माती भरली जाई आणि वर स्टोनवेअरची झिलई.

इथे थोडा विचार करण्यासारखं आहे. तिच्या गावी हाच घडा उघड्या जाळात भाजला जाई, त्याला झिलई नसे, आपल्या माठासारखा तो पाझरे आणि पाणी गार ठेवी. झिलई चढली की पाझर बंद, गारवा बंद. पाण्याचा घडा दिवाणखान्यात ठेवायची वस्तू झाला आणि लंडनच्या बर्कली गॅलरीत विकला गेला. वापराची भांडी करावीत असा आयुष्यभर आग्रह धरणाऱ्या कार्ड्यूच्याच केंद्रात हे घडलं. क्वालीच्या हस्तकौशल्याला मात्र त्यामुळे जगभर नाव मिळालं. नायजेरियाच्या 20 नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला ती घडा करताना दिसते. आज तिच्या मोठ्या घड्यांना कार्ड्यूच्या बहुतेक भांड्यांपेक्षा जास्त भाव येतो. तेव्हा तिचे घडे गॅलरीत बघा. अबुजाचे छोटे पेले, बश्या, चहाची भांडी ज्यांवर फक्त गावाचा ठसा आहे किंवा कमी माहितीच्या कुंभाराचा ठसा आहे, ती अजून परवडतात, आणि त्यांतली काही अतिशय देखणी आहेत.

पायरी पाचवी: दोष कोणता चालेल, कोणता नाही

विंचकमच्या लाल मातीच्या भांड्याला काठावर बारीक टवके उडालेले असणं नेहमीचंच. भांडं वापरलं गेलं म्हणून उडाले. झिलईला जाळीसारख्या बारीक रेषा, भट्टीत शेजारच्या भांड्याला चिकटल्याचा डाग, एका बाजूला जास्त भाजून काळवंडलेला पट्टा, हेही चालतं. किंमत थोडी कमी मागा आणि घ्या.

काठापासून खाली उतरणारी चीर चालत नाही. कानाच्या सांध्याभोवतीची चीर त्याहून वाईट. आणि सगळ्यात फसवी ती लपवलेली डागडुजी. काठावरून डोळे मिटून बोट फिरवा: रंगवलेला तुकडा गुळगुळीत असला तरी काचेच्या झिलईसारखा थंड लागत नाही. अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी मिळते, अंधाऱ्या कोपऱ्यात तिचा झोत टाकला की नवीन रंग आणि डिंक आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळे चमकतात. झाकण असेल तर ते मूळचं आहे का पाहा. झाकणाच्या आतली माती आणि भांड्याच्या बुडाची माती एकाच रंगाची हवी, आणि झाकण बसवून हलकेच फिरवलं की ते सहज फिरायला हवं.

पायरी सहावी: कुठे बघायचं, कुठे घ्यायचं

आधी बघणं. यॉर्क आर्ट गॅलरीत स्टुडिओ पॉटरीचा मोठा संग्रह आहे आणि त्यात विल्यम इस्मे याचा संग्रह नवख्याने आवर्जून पाहावा. इस्मे वेकफील्डचा ग्रंथपाल. 1955 पासून त्याने पगारातून भांडी घ्यायला सुरुवात केली आणि 2001 मध्ये वारला तेव्हा त्याच्या छोट्या घरात 3600 हून जास्त भांडी होती, पाचशेहून अधिक कुंभारांची. श्रीमंती नसतानाही संग्रह कसा उभा राहतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये वरच्या मजल्यावरच्या सिरॅमिक्सच्या दालनांत, चेल्टनहॅमच्या विल्सन संग्रहालयात आणि अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठाच्या संग्रहातही कार्ड्यूची भांडी आहेत. चेल्टनहॅमला गेलात तर विंचकम जवळच आहे. पॉटरीची जुनी बाटलीभट्टी अजून उभी आहे.

घेण्यासाठी तीन वाटा. जुना बाजार स्वस्त, पण हमी नाही. स्टुडिओ पॉटरीचे खास व्यापारी महाग, पण भांडं परत घेतात आणि प्रश्नांना उत्तरं देतात. पहिली एक-दोन भांडी त्यांच्याकडून घेतलेली बरी. तिसरी वाट लिलावाची. तिथे यादीतला शब्द न शब्द वाचावा. "मायकेल कार्ड्यू" असं सरळ लिहिलेलं असेल तर लिलावघराच्या मते ते त्याचंच, "कार्ड्यूचं असावं" म्हटलं तर तो फक्त अंदाज, आणि "कार्ड्यूच्या धर्तीचं" म्हटलं तर त्याच्याशी काही संबंध नाही. स्थितीचा अहवाल लेखी मागवा, बुडाचा आणि काठाचा वेगळा फोटो मागा. हातोडा पडतो त्या रकमेवर लिलावघराचं कमिशन वेगळं लागतं, बहुतेक ठिकाणी पाव भागाच्या आसपास, आणि त्या कमिशनवर कर. हे सगळं धरून आपली कमाल बोली आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा. खोलीतल्या चुरशीत भल्याभल्यांचा तोल जातो.

भारतात पाठवायचं असेल तर पेटीत पेटी अशी बांधणी करून घ्या, दोन्हींच्या मध्ये चारही बाजूंनी चार बोटं जाडीचं मऊ भरण. झाकण वेगळं गुंडाळा, ते भांड्यावर बसवून कधीच पाठवू नका. सीमाशुल्काची चौकशी आधी करा. आणि खरेदीची पावती सोबत ठेवा.

पायरी सातवी: घरी आणल्यावर

कार्ड्यूची इच्छा होती की भांडी वापरावीत, म्हणून लोक उत्साहाने वापरायला काढतात. इथे आपल्या घरांत जास्त सावध राहायला हवं. विंचकमच्या आणि सुरुवातीच्या वेनफर्डच्या लाल मातीच्या भांड्यांची झिलई शिशाची आहे. आंबट पदार्थ त्यातलं शिसं ओढून घेतो. लोणचं, चिंचेचा कोळ, सोलकढी, ताक, दही, लिंबू सरबत, टोमॅटोचं सार, यांतलं काहीही त्या भांड्यात ठेवायचं नाही, थोडा वेळही नाही. पाणीसुद्धा साठवू नये. फळं सालीसकट ठेवा, सुकी फुलं ठेवा, किंवा नुसतं बघा. घरात लहान मुलं असतील तर हे भांडं स्वयंपाकघरात ठेवूच नका, पाहुणा चुकून त्यात कोशिंबीर वाढेल.

अबुजा आणि नंतरच्या वेनफर्डच्या स्टोनवेअरची भाजणी आणि झिलई वेगळ्या जातीची, त्या पेल्यातून चहा प्यायला हरकत नाही. तरी झिलई जाळीदार चिरलेली असेल तर हळदीचं काही वाढू नका. पिवळा डाग त्या रेषांत शिरला की जन्मभर निघत नाही. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशरपासून दोन्ही जाती लांब ठेवा. लाल मातीचं भांडं पाण्यात भिजत घालू नका, उघड्या बुडातून ते पाणी पितं आणि आठवडाभराने कपाटात पांढरा क्षार फुटतो. कोमट पाण्यात कापड पिळून पुसायचं, मग उलटं करून दिवसभर वाऱ्यावर ठेवायचं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात याला दोन दिवससुद्धा लागतात.

बुडाखाली नमद्याचा किंवा जाड कापडाचा तुकडा घाला, नाहीतर उघडी माती लाकडी फळीवर ओरखडे काढते. तो चिकटवू मात्र नका. एका वहीत प्रत्येक भांड्याची नोंद करा: कुठे घेतलं, केव्हा, किती पौंडांना, कोणते ठसे, कोणते टवके, विक्रेत्याने काय सांगितलं. बुडाचा फोटो त्याच नोंदीला जोडा. पुढे ते विकायचं ठरलं तर घेणारा पहिल्यांदा हीच वही मागेल.